बक्षिसी, वेतन आणि सन्मान

(चामराजपेट, बंगळूर येथे मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात पक्षाच्या भाषांतर विभागातील एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

आजच्या वर्गाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले. श्रमसंहिता, महागाई, बेकारी हे प्रश्न समोर उभे असताना हॉटेलातल्या वाढप्याला टिप द्यावी की न द्यावी, हा काय अभ्यासाचा विषय झाला? दोन महिन्यांपूर्वी मीही असेच म्हटले असते. हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या एका चुकीने तो माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणून आरंभ आत्मटीकेने करते.

मागील वर्गात मार्क्सच्या १८४९ मधील ‘मजुरी आणि भांडवल’ या लिखाणातील काही भाग मी मराठीतून वाचून दाखविला होता. श्रमशक्ती ही बाजारात विकली जाणारी वस्तू कशी बनते, मजुरी म्हणजे तिची किंमत कशी, यावर चांगली चर्चा झाली. वर्ग संपल्यावर आम्ही सहाजण येथून जवळच्याच एका लहानशा हॉटेलात गेलो. कॉफी मागविली ती तीन, आणि तीही ‘बाय-टू’. म्हणजे पैसे तीन कॉफींचे, धुवायचे पेले सहा. गिऱ्हाइकांची गर्दी असताना एक टेबल अडवून आम्ही तासभर वर्गसंघर्षावर बोलत राहिलो. मध्येच मला पाणी हवे झाले. वाढणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे होते. मी त्यांना हाक मारली ती अशी: “एय, नीर कोडो!”

ज्यांना कन्नड येते त्यांना यातील दोष समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘कोडी’ म्हणजे ‘द्या’. ‘कोडो’ म्हणजे ‘दे रे’. अंतर एका मात्रेचे आहे. ज्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याने आपले काहीही बिघडविलेले नाही, त्याला एका मात्रेने खाली ढकलता येते.

पुढे बिल आले. एका कॉम्रेडने बडीशेपेच्या ताटलीत दहाची नोट ठेवली. मी ती उचलायला लावली. “टिप हा सरंजामी अवशेष आहे. आपण टिप देतो म्हणूनच मालक पगार देत नाही,” असे मी म्हटले. म्हटले मराठीत, कारण ते कोणाला कळणार नाही अशी माझी समजूत होती. शेजारचे टेबल पुसत असलेले ते गृहस्थ थांबले आणि बंगळुरी मराठीत म्हणाले, “अक्का, तुमी म्हणता ते बरोबर हाय. पण पगार वाढेस्तवर मी काय करू? आणि ‘कोडी’ म्हणायला काय पैसे पडत्यात?”

कॉम्रेड्स, या दोन प्रश्नांना माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न होय.

प्रथम शब्दाकडे पाहू. माझा व्यवसायच शब्दांचा आहे. ‘टिप’ला आपण मराठीत ‘बक्षिसी’ म्हणतो. ‘बक्षीस’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी देणे आणि क्षमा करणे हे दोन्ही अर्थ आहेत. दोन्ही क्रिया वरून खाली होतात. फ्रेंच व जर्मन भाषांत टिपेसाठी जे शब्द आहेत त्यांचा अर्थ ‘पिण्यासाठी पैसे’ असा होतो. रशियन भाषेत ‘ना चाय’, म्हणजे ‘चहासाठी’ असे म्हणत. आपल्याकडेही ‘चहापाणी’ आहेच. इतक्या भाषांतील हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते: त्यांपैकी कोणत्याही शब्दात कामाचा उल्लेख नाही. घेणाऱ्याने काय केले हे त्यात नाही. देणारा खूश झाला, एवढेच त्यात आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. गावगाड्यातील बलुते हा नावाने हक्क होता. परंतु अस्पृश्य मानलेल्या बलुतेदाराला तो खळ्यावर उभे राहून, मागून, कित्येकदा शिव्या खाऊन घ्यावा लागे. काम ठरलेले नव्हते, वेळ ठरलेली नव्हती, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. त्यामागील एक प्रमुख आग्रह असा होता की बलुत्याच्या जागी निश्चित, रोख मोबदला यावा. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. परंतु बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा आजच्या हॉटेलातील वाढप्यालाही तंतोतंत लागू पडतो. मर्जीवर मिळणारा मोबदला कितीही मोठा असो, घेणाऱ्याची मान तो वाकवितोच. ठरलेला मोबदला लहान असला तरी तो वाढवून मागता येतो.

अमेरिकेतील एक लढाही येथे स्मरणीय आहे. पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांत प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते. कंपनी पगार तुटपुंजा देई आणि उरलेले प्रवाशांच्या टिपेवर सोडून देई. टिप मिळवायची तर हसतमुख राहावे लागे, अपमान गिळावा लागे. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी आपली संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झुंजीनंतर, १९३७ मध्ये, कंपनीला करार करावयास भाग पाडले. टिप वाढावी ही त्यांची मागणी नव्हती. टिपेवर जगावे लागू नये इतका पगार मिळावा, ही मागणी होती. त्याच देशात आज काय स्थिती आहे? टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे संघीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि १९९१ पासून त्यात वाढ झालेली नाही. काही राज्यांनी आपल्यापुरते अधिक वेतन ठरविले आहे; परंतु ‘टिप मिळतेच, मग पगार कशाला?’ हा युक्तिवाद जेथे कायद्यात शिरतो तेथे काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्या देशात कायद्याने हा युक्तिवाद स्वीकारलेला नाही, ही समाधानाची गोष्ट. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगार संघटनेचा खटला १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. टिपेचे पैसे मालकाच्या तिजोरीतून जात नाहीत, ते पाहुण्यांनी दिलेले असतात, ही गोष्ट न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने स्पष्ट केली. म्हणजे मालकाला टिपेकडे बोट दाखवून ‘हाच पगार’ असे म्हणता येत नाही. परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे. २०१६ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की टिप हे मालकाने दिलेले वेतन नव्हे, आणि कामगाराला मालकाकडून टिप मागण्याचा निहित हक्कही नाही. कॉम्रेड्स, याचा व्यवहारातील अर्थ नीट लक्षात घ्या. जी रक्कम वेतन नाही, तिच्यावर भविष्यनिर्वाह निधी जमा होत नाही, उपदान मोजले जात नाही, आजारपणाची रजा मिळत नाही. चाळीस वर्षे टिपेवर घर चालविलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीच्या दिवशी त्या टिपेतले काहीच नसते.

म्हणून माझे हॉटेलातील विधान सिद्धांत म्हणून चुकीचे नव्हते. नंतर त्या गृहस्थांशी बोलणे झाले, तेव्हा त्यांनीच ते सप्रमाण सांगितले. कामावर घेताना मालक पगाराचा आकडा सांगतो आणि लगेच पुढे जोडतो, “वरकमाई आहेच.” जी वरकमाई मालक देत नाही, तिचा हिशोब तो आपल्या बाजूने आधीच करून ठेवतो. त्यांनी आणखीही सांगितले. पेला फुटला तर पैसे कापले जातात. गिऱ्हाईक बिल न देता निघून गेले तर ते वाढप्याच्या अंगावर पडते. आणि टेबल पुसणारा, भांडी घासणारा जो ‘क्लीनर’ मोरीपाशी असतो, त्याच्यापर्यंत टिप क्वचितच पोहोचते, कारण गिऱ्हाइकाला तो दिसतच नाही.

हे सर्व खरे असताना टिप न देणे योग्य ठरते काय? येथेच माझी चूक होती. मालकाने पगार द्यावा हे योग्य. परंतु मी दहा रुपये ठेवले नाहीत म्हणून मालकाचा एक पैसाही खर्च झाला नाही. तोटा झाला तो फक्त त्या कामगाराचा. माझ्या सिद्धांताची किंमत मी दुसऱ्याच्या खिशातून वसूल केली. १९३६ मध्ये बार्सिलोनात कामगारांनी हॉटेले ताब्यात घेतली तेव्हा तेथे टिपेवर बंदी आली. ती योग्यच होती, कारण प्रथम हॉटेलाची व्यवस्था बदलली आणि नंतर टिप गेली. व्यवस्था आहे तशीच ठेवून आपल्या खिशापुरती क्रांती करणे, याला काटकसर म्हणतात.

हा प्रश्न आज अधिकच निकडीचा का झाला आहे, हे बंगळुरात सहज दिसते. १८९२ मध्ये वसविलेल्या आपल्या या पेठेत आणि आसपास जुनी बसून खाण्याची हॉटेले आहेत. कृष्णराजेंद्र मार्केटचे हमाल, व्हिक्टोरिया आणि वाणीविलास रुग्णालयांतील रुग्णांचे नातेवाईक, कन्नड साहित्य परिषदेत येणारे लेखक, असे सर्व थरांतील लोक तेथे बसतात. १९८३ मध्ये जयनगरात पहिली ‘दर्शिनी’ निघाली आणि उभ्याने खाण्याची, स्वतःच वाढून घेण्याची पद्धत शहरभर पसरली. पदार्थ स्वस्त झाले, स्वच्छता वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाढपी गेला, आणि राहिला तो क्लीनर. त्याला टिप देण्याची रीतच पडली नाही. त्यात आता मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत आली. भिंतीवरच्या चौकोनी चिन्हातून जाणारा प्रत्येक रुपया मालकाच्या खात्यात पडतो. सुटे परत येण्याचा प्रश्न नाही, म्हणून ताटलीत राहणारे सुटेही नाही. ‘वरकमाई’ आटली, तिच्या जोरावर कमी ठरविलेला पगार मात्र तसाच राहिला.

मोठ्या हॉटेलांतून बिलातच ‘सेवाशुल्क’ लावण्याची प्रथा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे शुल्क आपोआप लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि हे शुल्क सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. ग्राहक म्हणून आपल्याला आनंद झाला. परंतु सेवाशुल्काचे पैसे कामगारांत वाटले जातात, असे जर मालकांचे म्हणणे असेल, तर आपण विचारले पाहिजे: ती रक्कम पगारपत्रकावर का आणत नाही? पदार्थाच्या किमतीत धरून वेतन म्हणून का देत नाही? ब्रिटनमध्ये २०२३ च्या कायद्यान्वये, १ ऑक्टोबर २०२४ पासून, टिपेची संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता कामगारांना वाटणे मालकांवर बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू करण्यात आली. टिपेचा हिशोब कामगारांपुढे उघड ठेवावा, ही मागणी आता संघटनेच्या पातळीवर पुढे आली पाहिजे.

हॉटेल कामगारांची संघटना बांधणे कठीण, हे आपण जाणतो. पाच-सात माणसांचे एकेक दुकान. जेवण आणि राहणे मालकाकडेच. कित्येकदा मालक आणि नोकर एकाच तालुक्यातले, एकाच जातीचे, नात्यातलेदेखील. ‘अण्णा’ म्हणून हाक मारलेल्या मालकाकडे जादा तासांचे पैसे कसे मागावयाचे? तरीही हे काम झालेले आहे. जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढील राजकारणाशी आपले मतभेद जगजाहीर आहेत. परंतु १९४९ च्या सुमारास मंगळुरात त्यांनी आपल्या कार्याचा आरंभ हॉटेल कामगारांच्या संघटनेपासून केला, हे विसरून चालणार नाही.

आता दुसरा प्रश्न: ‘कोडी’ म्हणायला काय पैसे पडतात?

मराठीतही आपण निर्दोष नाही. ‘ए पोऱ्या’, ‘ए बारक्या’, ‘छोटू’ ही हॉटेलातील हाकांची नावे आहेत, माणसांची नव्हेत. बारक्या पन्नाशीचा झाला तरी बारक्याच राहतो. आणि जो खरोखरच बारका असे, त्याचे काय? हॉटेलांत, ढाब्यांवर व चहाच्या दुकानांत बालकांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली. तोवर देशातील कितीतरी मुलांचे बालपण कपबशा विसळण्यात गेले. कवी नारायण सुर्वे यांनीही लहानपणी हॉटेलात कपबशा धुतल्या होत्या. त्यांच्या १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहावर आपण परिसंवाद घेतो, त्यांचे नाव अभिमानाने सांगतो. ज्या हॉटेलात ते काम करीत तेथे बसून त्यांना ‘ए पोऱ्या’ म्हणणारे गिऱ्हाईकही कोणीतरी असेलच. ते गिऱ्हाईक आपण असतो काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

हॉटेल ही आपल्या समाजात मानापमानाची जुनी रणभूमी आहे. दलित गिऱ्हाइकाची कपबशी वेगळी ठेवणारी हॉटेले महाराष्ट्रात आणि कर्नाटकात होती, आणि त्याविरुद्ध लढावे लागले. टेबलाच्या एका बाजूच्या माणसाच्या सन्मानासाठी आपण लढलो. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा सन्मान त्याहून वेगळा कसा असू शकेल?

स्त्री म्हणून आणखी एक गोष्ट मला सांगावयाची आहे. वाढणे हे काम हलके मानले जाते, कारण घरात ते आपल्या आया-बहिणी फुकट करतात. गिरणगावात हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांच्या श्रमाला कित्येक वर्षे श्रम म्हणून कोणी मोजले नव्हते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या स्त्रियांना बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला झाला, तेव्हा कोठे त्या ‘कामगार’ म्हणून दिसू लागल्या.

बारमधील कामगारांविषयी बोलताना तर आपल्यातील पुष्कळांचा सूर उपदेशाचा होतो. दारूबद्दल आपले मत काहीही असो. ती वाढणाऱ्या माणसाबद्दल त्यावरून मत बनविण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. मद्य दिले जाते अशा ठिकाणी स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई करणारे पंजाब अबकारी कायद्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्दबातल ठरविले. स्त्रीचे संरक्षण तिचा रोजगार काढून घेऊन करता येत नाही, हा त्यातील आशय. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली, आणि दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक लक्षणीय भेद केला. टिप केवळ बिलातूनच द्यावी ही सरकारची अट न्यायालयाने काढून टाकली. नोटा अंगावर उधळण्यावरील बंदी मात्र कायम ठेवली. कॉम्रेड्स, आजच्या विषयाचे सार या भेदात आहे. नोट तीच. हातात दिली तर तो व्यवहार झाला. अंगावर उधळली तर तो अपमान झाला. आणि बोटांनी चुटकी वाजवून बोलाविलेल्या माणसापुढे ओल्या टेबलावर टाकलेली दहाची नोट ही उधळलेल्या नोटेचीच धाकटी बहीण आहे.

आता आपण काय करावे? काही साध्या गोष्टी सुचविते.

जोवर वेतन पुरेसे नाही तोवर ऐपतीप्रमाणे टिप द्यावी, आणि ती रोख, कामगाराच्या हातात द्यावी. मोबाइलवरून मालकाच्या खात्यात टाकलेली टिप पोहोचते की नाही, हे विचारल्याखेरीज धरून चालू नये. टेबल तासभर अडविले असेल तर त्याची जाणीव ठेवावी. बाय-टू कॉफी मागविणाऱ्यांनी ती विशेष ठेवावी. क्लीनरला विसरू नये. पदार्थ उशिरा आला, आमटी खारट झाली, तर त्याचा राग वाढणाऱ्यावर काढू नये. स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात नसते. तक्रार असेल तर ती गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे करावी. टिप दिली म्हणून कोणाकडून हसू, सलाम किंवा जादा चटणी अपेक्षू नये. ज्याला मोबदल्यात नम्रता हवी आहे, त्याने नम्रता विकत घेतली, कामगाराला साहाय्य केले नाही. ‘अहो’, ‘द्या’, ‘कोडी’ हे शब्द वापरावेत, आणि ज्या हॉटेलात आपण नेहमी जातो तेथल्या माणसाचे नाव विचारून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला पगार किती, सुट्टी कधी, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आहे की नाही, हे मालक समोर नसताना आपुलकीने विचारावे. संघटनेचा आरंभ अशा प्रश्नांतूनच होतो. टिप देऊन निघून जाणारा गिऱ्हाईक असतो. टिप देऊन हा प्रश्न विचारणारा सोबती होऊ शकतो.

अखेरीस, माझी गोष्ट अपुरी ठेवणे बरोबर नाही. आठ दिवसांनी मी एकटीच त्या हॉटेलात गेले. गर्दी कमी होती. मी म्हटले, “कॉफी कोडी.” त्यांनी ओळखले की नाही, हे चेहऱ्यावरून कळले नाही. कॉफी आली. बिल देताना मी त्या दिवशी झालेल्या चुकीबद्दल क्षमा मागितली आणि वीस रुपये हातात दिले. त्यांनी ते खिशात घातले, टेबलावरून फडका फिरविला आणि विचारले, “अक्का, तुमची ती मीटिंग कोणत्या दिवशी असती? गुरुवारी मला दुपारी सुट्टी असती.”

कॉम्रेड्स, त्यांच्या सोयीसाठी आजचा वर्ग गुरुवारी दुपारी ठेवला आहे. ते मागच्या ओळीत बसले आहेत. चर्चेच्या वेळी प्रथम त्यांना बोलू द्यावे, अशी मी अध्यक्षांना विनंती करते.